दोन किलो चुका

आमच्या दुकानात चुका किलोवर मिळतात. अर्ध्या इंचाच्या, पाऊण इंचाच्या, एक इंचाच्या. बारीक खिळ्याला सुतार चूक म्हणतो, हे ज्यांना ठाऊक नाही अशी कॉलेजची पोरं सांगलीच्या गणपती पेठेतून जाताना आमच्या पाटीचे फोटो काढतात. ‘येथे खिळे, चुका, बिजागऱ्या, कडी-कोयंडे घाऊक भावात मिळतील.’ यात हसण्यासारखं काय आहे, ते अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, पन्नास वर्षांत कळलेलं नाही. चुका किरकोळीत घेतल्या तर महाग पडतात, असं ते अगदी गंभीरपणे सांगतात.

याच दुकानाच्या बिलावर, तळाशी डाव्या कोपऱ्यात, बारीक टायपात छापलेलं असायचं: चू. भू. द्या. घ्या. वरती चुका विकायच्या आणि खालती त्या पोटात घालायला सांगायच्या, असा आमचा एकूण धंदा. या चार अक्षरांवर आणि चार टिंबांवर पेठ चालली असं म्हटलं तर सीए लोकांना राग येईल, पण मी जन्मापासून तेच बघत आलोय. बिलात दोन डझन बिजागऱ्या जादा लागल्या की गिऱ्हाईक पुढच्या खेपेला त्या कोपऱ्यावर बोट ठेवी. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून बघत, “दिवाणजी, पुढच्या बिलात वळते करा,” म्हणत आणि चहा सांगत. तक्रार, सुनावणी, निकाल आणि अपील, सगळं अर्ध्या कपात.

जुलै २०२३मध्ये सीएंचा फोन आला. “अण्णा, एक ऑगस्टपासून तुम्हाला ई-इन्व्हॉइस लागू.”

“मुदत वाढेल ना?” अण्णांनी विचारलं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हापासून हा प्रश्न ते ‘काय, बरं आहे ना?’च्या चालीवर विचारतात. बहुतेक वेळा वाढतेही. या वेळी वाढली नाही.

खरं तर हे आमच्यापर्यंत येणार, हे तीन वर्षं दिसत होतं. १ ऑक्टोबर २०२०ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, तेव्हा पेठेत कुणी मान वर करून बघितलं नाही. मग जानेवारी २०२१ला १०० कोटी, एप्रिलला ५०, पुढच्या एप्रिलला २०, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरला १०. सांगलीकराला खरं म्हणजे आकड्यांवरून संकट ओळखायची सवय आहे. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी येतं. पण कृष्णेचे आकडे चढतात तेव्हा आम्ही सामान हलवतो. हे आकडे उतरत होते, म्हणून निवांत बसून राहिलो. १ ऑगस्ट २०२३ला आकडा पाचावर आला आणि पाणी उंबऱ्याला लागलं.

“आपली उलाढाल कुठली आलीय पाच कोटी?” अण्णांनी शेवटचा किल्ला लढवला.

नियम असा की २०१७-१८पासूनच्या कुठल्याही एका आर्थिक वर्षात तुम्ही पाच कोटी ओलांडले असले, की अडकलात. आणि आम्ही एकदा ओलांडले होते. २०१९-२० साली.

हे साल सांगलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आमच्या दुकानातली बिलबुकं, फायली, रोजकीर्द, खतावणी, सगळं आठवडाभर पाण्याखाली होतं. शेजारच्या गोदामातली हळदही त्यातच विरघळली. पाणी ओसरल्यावर घरातल्या साऱ्या दोऱ्यांवर चिमटे लावून बिलं वाळत घातली. आई इस्त्री फिरवायची, दिवाणजी नंबर लावायचे. प्रत्येक बिलाला हळद लागलेली. ‘आता अक्षता तेवढ्या राहिल्या,’ असं बघून जाणारे म्हणायचे.

आणि मग दिवाळीच्या आधीपासून जो धंदा सुरू झाला, तसा आधी कधी झाला नव्हता, नंतर होऊही नये. अख्ख्या गावाची दारं फुगली होती, बिजागऱ्या गंजल्या होत्या, नळ गाळानं भरले होते. लोक हातात सुजलेली कडी घेऊन यायचे आणि ‘अशीच द्या’ म्हणायचे. अण्णांनी त्या वर्षी भाव वाढवला नाही, पण माल इतका गेला की मार्चअखेर पाच कोटींची वेस कधी ओलांडली ते कळलंच नाही. ज्या पाण्यानं आमचा कागद बुडवला त्याच पाण्यानं उलाढाल वाढवली, आणि त्या उलाढालीनं उरलासुरला कागदही बुडवला.

ती पिवळी बिलं अजून माळ्यावर आहेत. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून पुढे बहात्तर महिने हिशेब जपायचा असा कायदा आहे. २०१८-१९च्या विवरणपत्राची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२०पर्यंत आली. त्या प्रत्येक वाढीला अण्णांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. आता हिशेब करून बघतात तर ही इस्त्री केलेली वऱ्हाडी मंडळी डिसेंबर २०२६पर्यंत आमच्याकडे मुक्कामाला.

तर एक ऑगस्ट. अण्णांनी पंचांग काढलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो, हा तर धोंड्याचा महिना!” खरंच होतं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून अनारसे वाढावेत, नवं काम काढू नये. अण्णांनी हे सीएंना फोनवर सांगितलं. सीए म्हणाले, पोर्टलला अधिक महिना नसतो.

“मग त्याला जावईबी नसणार,” दिवाणजी म्हणाले. “म्हणून असं वागतंय.”

दिवाणजींबद्दल सांगायला हवं. वय सत्तर. पावकी, निमकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ. साडेतीनच्या पाढ्याची गरज जगाला शेवटची कधी पडली माहीत नाही, पण पडलीच तर पेठेत ते आहेत. कार्बन घालून बिल लिहायला बसले की असे दाबून लिहीत, की तिसरी प्रत पहिलीपेक्षा ठसठशीत येई आणि खालच्या कोऱ्या पानावर उरलेल्या खळग्यांवरून पुढच्या गिऱ्हाइकाला मागच्याचा भाव वाचता येई. संगणक आमच्याकडे महापुरानंतर आला होता. त्याच्यावर आईनं भरतकामाचा रुमाल घातला होता आणि रुमालावर गणपतीची मूर्ती होती. बिलं हातानं, विवरणपत्रं सीएंच्या ऑफिसात, आणि मूर्तीला रोज जास्वंद, अशी कामाची वाटणी होती.

मूर्ती हलवली, रुमाल काढला आणि माझी पुतणी खुर्चीवर बसली. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पहिलं काम गिऱ्हाइकांची नावं भरायचं. तिनं खतावणी उघडली. दिवाणजींच्या खतावणीत सगळी गिऱ्हाइकं खऱ्या नावानिशी होती: ‘कवठ्याचे बापू’, ‘तासगाव उंच’, ‘विटा (उधारी नको)’, ‘पलूस जुने’, ‘पलूस भांडणानंतरचे’.

“दिवाणजी काका, यांची नावं?”

“हीच की नावं.”

पोर्टलला नाव लागत नाही, पंधरा अक्षरी क्रमांक लागतो. सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. मग पॅनचे दहा, मग एक नोंदणीचा अनुक्रम, मग झेड, मग एक पडताळणीचं अक्षर. चौदाव्या जागी झेड सगळ्यांनाच. तो कशासाठी, असं अण्णांनी विचारलं. पुतणी म्हणाली, सध्या कशासाठीच नाही, नुसता असतो. हे ऐकून अण्णांना या पद्धतीबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. प्रत्येक दुकानात असा एक असतोच, म्हणाले. त्या वेळी त्यांनी माझ्याकडे का बघितलं ते कळलं नाही.

क्रमांक टाकला की पडद्यावर सरकारदरबारचं नाव येतं. इथं खरी गंमत सुरू झाली. कवठ्याचे बापू तीस वर्षं आमच्याकडून माल नेतात. गादीवर मांडी ठोकून बसतात, बिजागरी हातात घेऊन वजन करतात आणि ‘असला माल माझ्या दुकानात ठेवत नसतो मी’ म्हणून बाजूला टाकतात. क्रमांक टाकला, तर मालक म्हणून त्यांच्या बायकोचं नाव. दिवाणजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“म्हणजे बापू इतकी वर्षं वहिनींकडं कामाला होते म्हणायचं.”

एकट्या बापूंचंच नव्हे. एकेक क्रमांक टाकत गेलो, तसतसा तालुक्यातला निम्मा हार्डवेअर व्यापार माता-भगिनींच्या हाती असल्याचं उघड झालं. मालक म्हणून आयुष्यभर ज्यांच्याशी घासाघीस केली, ते सगळे बिनपगारी नोकर निघाले. एक क्रमांक तर चार वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांच्या नावावर होता. त्यांच्या तेराव्याला अण्णा स्वतः जेवून आले होते. पलूसच्या दोघा भावांनी दुकानाच्या मधोमध भिंत घातली, एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत, पण सरकारदरबारी अजून एकाच ताटात जेवतात. बापू पुढच्या खेपेला आले आणि भाव पाडायला बसले, तेव्हा दिवाणजी अतिशय नम्रपणे म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, पण एकदा मालकिणीला विचारून घेताय का?” बापूंनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलेल्या भावात माल नेला. ई-इन्व्हॉइसचा आम्हाला झालेला हा पहिला रोख फायदा.

अथणी-कागवाडकडच्या गिऱ्हाइकांचा क्रमांक २९नं सुरू होतो. ती माणसं आमच्याशी मराठीत बोलतात, आमच्या भाषेत शिव्या देतात, पोरी इकडं देतात. दिवाणजींच्या खतावणीत विटा आणि अथणी एकाच पानावर होते. सॉफ्टवेअरमध्ये २७ला नऊ आणि नऊ असा दोघांत वाटलेला कर, आणि २९ला एकरकमी अठरा. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, आमच्या बिलात तो केव्हाच मिटलाय आणि आमच्या मनासारखा मिटलेला नाही.

मग माल. प्रत्येक वस्तूला एचएसएन नावाचा सहा आकडी क्रमांक द्यायचा. आमच्याकडे ‘नट-बोल्ट-वायसर’ ही एकच वस्तू आहे, एका दमात उच्चारायची. कायद्यात बोल्ट ७३१८१५, नट ७३१८१६. वायसरमध्ये पुन्हा स्प्रिंग वायसर ७३१८२१ आणि साधा वायसर ७३१८२२. “वायसरातबी भाऊबंदकी?” दिवाणजी हळहळले. मोजमापांचीही यादी ठरलेली आहे. किलो, डझन, नग हे तर आहेतच, पण ग्रोस म्हणजे १४४, आणि ग्रेट ग्रोस म्हणजे तसले बारा, यालाही स्वतंत्र संकेत आहे. १७२८ स्क्रू एकदम मोजणारा कुणीतरी दिल्लीत बसलाय हे कळल्यावर अण्णांना देशाबद्दल धीर आला. त्याच यादीत ‘बकल’ हेसुद्धा एक माप आहे. बकलांत काय मोजतात हा विषय आमच्या घरी जेवताना तीन दिवस पुरला.

चारशे वस्तूंची यादी दिवाणजींच्या अक्षरात होती आणि पुतणीला ती इंग्रजीत टाकायची होती. तिनं एका रात्रीत काम उरकलं. कसं उरकलं ते आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तिनं यादी बोलून मोबाईलला सांगितली होती आणि मोबाईलनं भाषांतर करून दिलं होतं.

पहिलं ई-बिल एक ऑगस्टला, मंगळवारी, अण्णांनी हातपाय धुऊन करायला घेतलं. बिल क्रमांक ००१. पोर्टलनं तो परत केला. बिलाचा क्रमांक शून्यानं सुरू होऊन चालत नाही. जास्तीत जास्त सोळा अक्षरं, त्यात इंग्रजी अक्षर, आकडा, आडवी रेघ नाहीतर तिरपी रेघ, आणि सुरुवातीला शून्य नको. अण्णा खुर्चीत मागं रेलले. मी शून्यातून धंदा उभा केला, हे वाक्य त्यांनी आजवर दोन सत्कारांत आणि असंख्य पंगतींत सांगितलंय. पोर्टलला ते मान्य नव्हतं.

दुसरी अडचण श्रींची. आमच्याकडे दरवर्षी पाडव्याला पहिलं बिल सांगलीच्या गणपतीच्या नावानं फाडतात. सव्वा रुपया, माल काही नाही, खाली चू. भू. द्या. घ्या. देवाकडूनही चूक होऊ शकते आणि आपण ती घ्यायला तयार आहोत, एवढा मोठेपणा त्यात आहे. हे बिल आता ई-इन्व्हॉइस करायचं का? सीए फोनवर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अण्णा, देवाला जीएसटी नंबर नाही. ई-इन्व्हॉइस फक्त नोंदणीकृत गिऱ्हाइकाला. देव बी-टू-सीमध्ये येतो.” म्हणजे किरकोळ ग्राहक. साऱ्या पेठेला जिचं नाव आहे ती मूर्ती आता आमच्या हिशेबात एक नळ आणि दोन खिळे नेणाऱ्या माणसाच्या रांगेत उभी आहे.

शेवटी क्रमांक एक असा साधा घातला आणि अथणीच्या गिऱ्हाइकाचं बिल पाठवलं. बटण दाबलं आणि वीज गेली. ती आली तेव्हा पुतणीनं पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर तांबडी ओळ आली: त्रुटी २१५०, डुप्लिकेट.

एवढा एकच शब्द अण्णांना वाचता आला आणि ते ताडकन उठले. “डुप्लिकेट? आपल्या दुकानात?” पन्नास वर्षांत नकली कुलूप विकलं नाही, कंपनीचा माल, हवं तर गोदाम उघडून दाखवतो, असं ते संगणकाला सांगत होते. पहिल्या वेळी बिल पोचलंय आणि तेच तुम्ही परत पाठवताय, एवढाच त्याचा अर्थ आहे, हे पुतणीनं समजावून सांगेपर्यंत समोरचे दोन दुकानदार चौकशीला येऊन गेले होते.

बिल पोचलं होतं. आयआरएन मिळाला होता. हा आयआरएन म्हणजे आपला जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, कागदाचा प्रकार आणि आर्थिक वर्ष असं सगळं एकत्र उकळून काढलेला चौसष्ट अक्षरांचा काढा. शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांपलीकडचं त्यात काही नसतं, आणि अर्थ तर नसतोच. चौसष्ट म्हटल्यावर अण्णांनी हात जोडले. चौसष्ट कलांचा अधिपती पेठेच्या टोकालाच आहे. दिवाणजींनी हात जोडले नाहीत, त्यांनी वही ओढली. सरकारनं दिलेला नंबर आहे, त्याची नोंद हवी. त्या दिवशी अकरा बिलं झाली आणि अकरा आयआरएन त्यांनी टाकानं लिहून काढले, चारचार अक्षरांचे गट पाडून. संध्याकाळी बेरीज करायची सवय, म्हणून तीही करून बघितली. दुसऱ्या दिवशी त्यांचा अंगठा सुजला होता. तरी त्यांनी पुतणीला एक शंका विचारली: सातव्या बिलात चव्वेचाळिसावं अक्षर बी आहे की आठ?

छपाईची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की अजून डोकं दुखतं. अण्णांना तीन प्रती हव्या होत्या: गिऱ्हाइकाला एक, गाडीवाल्याला एक, आपल्याला एक. ई-इन्व्हॉइसला तीन प्रतींची सक्ती नाही हे त्यांनी ऐकून घेतलं आणि एका ट्रान्स्पोर्टवाल्याकडून जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर उचलून आणला, कारण त्यात कार्बन चालतो. तो खर्र खर्र करत बिल छापायचा तेव्हा पेठेला वाटायचं आम्ही पत्रा कापतोय. त्याच्यावर क्यूआर कोड उमटायचा तो मुंगळे चिरडल्यासारखा. मग लेझर प्रिंटर आणला. त्याला कार्बन कळत नाही, म्हणून प्रत्येक बिल तीनदा. पूर्वी महिन्याला दोन बिलबुकं लागायची, आता कागदाची रिमं लागतात, आणि दिवाणजींची वही आहे ती आहेच.

क्यूआर नीट उमटायला लागल्यावर गिऱ्हाइकं त्याच्यापुढे मोबाईल धरायला लागली. “पैसे जाईनात,” विट्याचे म्हणाले, ज्यांच्या नावापुढे ‘उधारी नको’ लिहिलेलं आहे. तो कोड पैशाचा नाही, बिलाची खूण पटवायचा आहे, हे त्यांना सांगितलं. त्यात दोघांचे क्रमांक, तारीख, रक्कम असं सगळं असतं. “मग पैसे कशावर पाठवू?” त्यांनी विचारलं. अण्णांनी खिशातून दुसरा कोड काढेपर्यंत ते स्कूटरवर बसले होते. तंत्रज्ञान किती पुढे गेलं तरी विटा विटाच राहतं.

तिसऱ्या दिवशी अथणीहून फोन आला.

“अण्णा, हे काय पाठवलंय?”

“का हो? माल बरोबर नाही?”

“माल बरोबर आहे. बिलावर बघा की.”

प्रत काढली. पहिली ओळ, इंग्रजीत: मिस्टेक्स, एक इंची, दहा किलो, एचएसएन ७३१७००, कर अठरा टक्के. मोबाईलनं चुकांचं चोख भाषांतर केलं होतं. आणि भारत सरकारच्या पोर्टलनं आमच्या दहा किलो चुका क्षणात तपासून, स्वतःची डिजिटल सही करून, चौसष्ट अक्षरी क्रमांक देऊन अधिकृत केल्या होत्या.

दिवाणजींना हे समजावून सांगितलं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. अण्णा मात्र गंभीर होते. “दुरुस्त कर,” पुतणीला म्हणाले.

“पोर्टलवर दुरुस्त होत नाही, आजोबा. फक्त रद्द होतं.”

“मग रद्द कर.”

“ते चोवीस तासांच्या आत. आता तिसरा दिवस आहे.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. चोवीस तास! आमच्या धंद्यात चोवीस तासांत माल गाडीत चढत नाही. चढला तर उतरत नाही, उतरला तर गिऱ्हाईक पोतं सोडत नाही. चूक लक्षात यायला आमच्याकडे एक बाजारचा दिवस मध्ये जावा लागतो. पूर्वी तीन महिन्यांनी, उधारी मागायला गेल्यावर, चुका निघायच्या आणि त्या तेवढ्याच ताज्या असायच्या. आता चूक करायला मुभा आहे, पण ती दुसऱ्या दिवशी जेवायच्या आत लक्षात यायला हवी. नंतर लक्षात आली तर क्रेडिट नोट काढायची. तिलाही आयआरएन, म्हणजे चुकीची चूकही चौसष्ट अक्षरी. सीए म्हणाले, क्रमांक बरोबर आहे, रक्कम बरोबर आहे, नाव राहू द्या. त्यामुळे सरकारदरबारी अथणीला आमच्या दहा किलो चुका कायमच्या जमा आहेत. त्यातल्या तीन किलो गंजलेल्या निघाल्या म्हणून परत आल्या, त्याचीही नोट रीतसर निघाली.

सगळा डेटा क्लाउडवर आहे, कसली काळजी नाही, असं पुतणीनं त्या आठवड्यात आम्हाला धीर द्यायला सांगितलं. क्लाउड म्हणजे? ढग. अण्णांनी पेठेवरच्या आभाळाकडे बघितलं.

“एकोणीसला तिथूनच आलं होतं,” ते म्हणाले.

पण त्यांना खरी चुटपुट वेगळीच होती. नव्या बिलात सगळं होतं. पिनकोड होता, एकाच आकड्याची जोडी असल्यासारखा, ४१६४१६. वाहनाचा नंबर होता, झेड होता. डावा कोपरा तेवढा रिकामा होता. पुतणीनं सॉफ्टवेअरमध्ये खाली टीप टाकायची जागा शोधून तिथं चू. भू. द्या. घ्या. भरलं. छापल्यावर त्या जागी आठ चौकोनी डबे आले. तो फॉन्टचा दोष होता. तिनं तो काढायला वेळ मागितला आणि परीक्षेला निघून गेली. सीए म्हणाले, तसंही ते लिहून उपयोग नाही, पोर्टल ते वाचत नाही.

“पोर्टलसाठी कोण लिहितंय?” अण्णा म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. संध्याकाळी परत आले ते रबरी शिक्का घेऊन. निळी शाई. चार अक्षरं, चार टिंबं. त्या दिवसापासून प्रत्येक ई-इन्व्हॉइसच्या तिन्ही प्रतींवर दिवाणजी शिक्का मारायला लागले, कार्बनच्या दिवसांतल्या जोरानं.

महिन्याभरात तासगाव रस्त्यावर आमचा टेम्पो भरारी पथकानं थांबवला. तरुण अधिकारी, हातात मोबाईल. बिल मागितलं, कोडवर मोबाईल धरला. काही होईना. तिरका धरला, सावलीत धरला, कागद ताणून धरला. मग त्यानं नीट बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. ड्रायव्हरनं आम्हाला फोन लावून त्याच्या हातात दिला.

“हे बिल तुमचंच का?”

“आमचंच,” अण्णा म्हणाले.

“क्यूआर स्कॅन होत नाही. आणि शेजारी शिक्का मारून तुम्ही काय लिहिलंय?”

“काय लिहिलंय?”

“द्या, घ्या!”

दुकानात शांतता पसरली. प्रत काढून बघितली. दिवाणजींचा अंगठा अजून पुरता बरा नव्हता, शिक्का उजवीकडे सरकला होता. चू. आणि भू. काळ्या कोडवर पडून त्यात मिसळून गेले होते. पांढऱ्यावर, सुवाच्य, ठसठशीत, निळ्या शाईत उरलं होतं ते एवढंच: द्या. घ्या. तेही भरारी पथकाच्या हातात.

अण्णांनी त्या साहेबांना चू. आणि भू. यांचा अर्थ सांगितला, जुनी पद्धत सांगितली, पुरावा म्हणून दाखवता येतील अशी इस्त्री केलेली बिलं माळ्यावर आहेत असंही सांगितलं. साहेबांनी ई-वे बिलाच्या नंबरावरून गाडी तपासली, सगळं जुळलं. जाताना त्यांनी ड्रायव्हरला विचारलं म्हणे, की या यादीत हे चुका काय आहे.

आता शिक्का डाव्या कोपऱ्यात बसतो. दिवाणजींनी तिथं पेन्सिलीनं चौकट आखून घेतली आहे. त्या टेम्पोतला माल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘तासगाव उंच’ यांचा फोन आला. सगळं पोचलं, पण दोन किलो चुका लिहिल्यात, त्या तोलल्यावर पावणेदोनच भरतायत.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“दिवाणजी, बिल होऊन किती तास झाले?”

दिवाणजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोटं मोजली. “सव्वीस, मालक.”

अण्णांनी चहा सांगितला.